धरसोड

चहाचं आधण ठेवलं आणि नेहमीसारखी मागे न बघता बसायला गेले, तर खाली काहीच नव्हतं. पडले नाही. ओट्याची कड हाताला सापडली आणि मी तशीच अर्धवट वाकलेली क्षणभर लटकून राहिले. गुडघे ठीक होते, कंबर ठीक होती. इथे सात वाजेपर्यंत उजाडत नाही. मी दिवा लावला, जणू अंधारामुळेच माझं स्टूल दिसत नव्हतं. फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात फरशीवर चार फिकट डाग होते, आणि एका डागाजवळ दुधाच्या खोक्याचा दुमडलेला पुठ्ठा. स्टूलाचा तो पाय आखूड होता, पुठ्ठा मीच घातला होता. आता पुठ्ठा होता आणि स्टूल नव्हतं. मी कपडे वाळत घालायच्या जागेत बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, मग दाराबाहेर, लिफ्टच्या पॅसेजमध्येही बघून आले. अनघा, माझी सून, हार्बरफ्रंटच्या ऑफिसला लवकर गेली होती. माझा मुलगा श्रीनिवास शुक्रवारपासून तुआसच्या कारखान्यातच होता, कसलीशी यंत्रं बंद करून दुरुस्ती चाललेली. नातू धावायला गेलेला, विचारायला कोणी नव्हतं. चहा उतू गेला. आज शनिवार, आणि दुपारी चारला क्षितिजचा सामना होता.

क्षितिज माझा नातू. एकवीस वर्षांचा, सहा फूट तीन इंच, जन्म इथला, नागरिक इथला, लष्करातली सक्तीची दोन वर्षं संपवून वर्षभर सिंगापूरच्या बास्केटबॉल संघाच्या शिबिरात असलेला. शिबिरात सोळा जण होते आणि पुढच्या महिन्यात परदेशातल्या स्पर्धेला बाराच जायचे होते. आज एका पाहुण्या संघाशी शेवटचा सराव सामना, त्यावरून यादी ठरणार. हे सगळं घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. श्रीनिवास सामन्यांना जात नाही, त्याला बघवत नाही. अनघा जाते आणि डोळे मिटून बसते. आणि मी, मी स्टूलावर बसते.

ते असं सुरू झालं. फेब्रुवारीत त्याचा एक सामना मोबाईलवर दिसत होता. मी स्वयंपाकघरात स्टूलावर, बरणीला फोन टेकवून गवार मोडत बसले होते, आणि त्यानं चोवीस गुण केले. पुढच्या सामन्याला हौसेनं स्टेडियमच्या हॉलमध्ये गेले, तर तीन. त्याच्या पुढच्याला घरीच होते, पण बाहेर सोफ्यावर. चार. मग एकदा सहज पुन्हा स्टूलावर, हातात काही निवडायलाही नव्हतं, आणि एकोणीस. तेव्हापासून मी ठरवून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. सामन्याच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचं, दार लोटून घ्यायचं आणि बसायचं. पाठ फ्रीजला, उजवा पाय डाव्या पायावर. गेल्या खेपेला बसूनही पाचच झाले, पण त्या दिवशी पार्सलवाल्यानं बेल वाजवली आणि मला उठावं लागलं होतं. परत येऊन बसले, पण पाय कुठला कुठल्यावर होता ते आठवेना. आठवडाभर मला ते लागून राहिलं होतं. तो घरात हसत वावरत होता आणि मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

त्या पाच गुणांनंतर कोचनं त्याला एक कागद दिला होता. सगळ्यांनाच दिला होता म्हणे, ज्याच्या त्याच्या उणिवा लिहून. क्षितिजच्या कागदावर एकच शब्द होता. तो मला येऊन विचारू लागला, आजी, इन्कन्सिस्टंटला मराठीत काय म्हणतात. मी आधी म्हटलं, सातत्य नसलेला. ते त्याला जड वाटलं. मग म्हटलं, धरसोड. त्याला दोन्ही तुकडे कळत होते. लहानपणी अंगणात नाही, इथे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, मी त्याला चेंडू द्यायचे तेव्हा हेच ओरडायचे, धर, सोड. तो म्हणाला, "पण आजी, तोच तर गेम आहे." मी हसले. मग तो आंघोळीला गेला आणि मला त्याचं हसू येईनासं झालं.

जागचं हलायचं नाही, हे काही मी शोधून काढलेलं नाही. आमच्या मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लागली की हा कायदा असायचा. जोडी जमली की जो जिथे आहे तिथे. कोणी एका पायावर असला तर एका पायावर. माझे वडील, अण्णा, मालधक्क्यावर कारकून, एरवी देवापुढे दिवासुद्धा लावत नसत, पण याला पक्के. मी अकरावीला होते, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. कुठल्याशा कसोटीचा तिसरा दिवस होता, आपले चार गडी गेलेले. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येत होते, एक पाय उंबऱ्यावर, आणि चौकार गेला. अण्णांनी हात वर केला. "उल्का, तिथेच." आई आतून म्हणाली, अहो, पोरीला उंबऱ्यावर उभं करू नये. अण्णांनी तिलाही हातानंच गप्प केलं. फलंदाज तेव्हा एकसष्टवर होता. त्याचे शंभर होईपर्यंत मी उंबऱ्यावर होते. ही गोष्ट आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. माझा थोरला भाऊ, पद्माकरदादा, प्रत्येक लग्नामुंजीत ती रंगवून सांगतो, आमच्या उल्कानं काढलेलं शतक म्हणून, आणि आई हातात गरम पातेलं घेऊन माझ्या बगलेखालून कशी वाकून गेली त्याची नक्कलही करतो. माझ्या लग्नात त्यानं ती सासरच्यांना सांगितली. सगळे हसले. मीही हसले. माझ्या हातात त्या वेळी काय होतं ते तो कधी सांगत नाही. त्याला बहुतेक आठवतही नसेल.

साडेसातला मी लिफ्टनं खाली गेले. आमच्या ब्लॉकमागे मोठ्या वस्तू टाकायची जागा आहे. तिथे एक गादी होती, सायकलचं चाक होतं, पाठ तुटलेली खुर्ची होती. मी गादीच्या मागे वाकून बघत होते. आपण काय करतो आहोत ते मला नीट दिसत होतं, आणि तरी मी वाकत होते. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, तिनं मला गुड मॉर्निंग म्हटलं. मीही म्हटलं, हात गादीवरच ठेवून. स्टूल सापडलं तर वर न्यायचं कसं, हाही विचार डोक्यात चालला होता. लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर काय सांगायचं, हाही. मागून बुटांचा आवाज आला. क्षितिज धावून परत येत होता. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं, कानातून इअरफोनची दोरी लोंबणारी. तो माझ्यासमोर थांबला आणि ती काढली.

"स्टूल शोधते आहेस?"

मी म्हटलं, सहज आले होते, मोकळ्या हवेवर.

"मी ठेवलं खाली. काल," तो म्हणाला. "क्लीनर अंकलनं नेलं पण. गेलं ते."

तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि माझ्याशी बोलताना मान खाली घालतो, त्यामुळे त्याचा चेहरा मला नेहमी खालून, हनुवटीकडून दिसतो. त्या हनुवटीवर घामाचा एक थेंब होता. मला त्या थेंबाचा राग आला. मी विचारलं, कोणी सांगितलं तुला. पद्माकर आजोबांनी, तो म्हणाला. मागच्या रविवारी, बापाकडून ऐकून, व्हिडिओ कॉलवर त्यानं दादाला विचारलं होतं, आजी मॅचच्या वेळी किचनमध्ये का जाऊन बसते. दादानं त्याला ती उंबऱ्याची गोष्ट सांगितली. दोघं पोट धरून हसले होते. मग रात्री त्याला हसू आलं नव्हतं, असं तो म्हणाला. त्याचं मराठी मध्ये मध्ये अडत होतं, पण तो इंग्रजीत गेला नाही, एरवी जातो.

"चोवीस मारले ते स्टूलनं मारले. पाच मारले ते पण स्टूलनं. मग मी काय केलं, आजी?"

कुत्रेवाली बाई परत वळून चालली होती. मी म्हटलं, हॉलमध्ये मी आले होते तेव्हा तीन झाले होते, विसरलास का.

"आय नो. तीन. ते मी मारले." त्यानं गादीला बुटानं हलकेच ढकललं. "आज तू ये. वाईट खेळलो तर वाईट खेळलो. गुड लक पण नको बोलू. फक्त ये."

तो दुपारी एकला बॅग घेऊन गेला. मला तिकीट फोनवर कसं दाखवायचं ते शिकवून गेला. तो गेल्यावर मी घरभर फिरले. सोफ्यावर बसले, उठले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसले, ती बाहेरच्या खोलीतली, उठले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खाली फरशीवर बसून बघितलं, त्या चार डागांच्या मध्ये, आणि मग उठता येईना, ओट्याला धरून उठले. शहात्तर वर्षांची बाई. दार लोटून घेऊन. जायचं नाही असं ठरवलं, साडी बदलली, पुन्हा ठरवलं. अनघाचा मेसेज आला, आई, क्षितिज म्हणाला तुम्ही चाललात, जमेल ना एकट्यानं? तिला कॅन, म्हणजे जमेल, एवढंच लिहिलं. हे मी इथेच शिकले आहे, एका शब्दात सुटका होते.

सेरंगूनहून गाडी सरळ जाते, बदलावी लागत नाही. बार्टले, ताय सेंग, मॅकफर्सन. प्रत्येक स्टेशनला दार उघडलं की वाटायचं उतरावं आणि समोरच्या गाडीनं परत फिरावं. पाया लेबारला खूप माणसं चढली आणि मी आत ढकलली गेले, मग उतरायचं राहून गेलं. स्टेडियमला उतरले तेव्हा साडेतीन झाले होते. हॉल अर्धाही भरला नव्हता. एसी असा की शाल असूनही हाडात शिरत होता. माझ्या शेजारी एक चिनी म्हातारी होती, बरोबर जवाच्या पाण्याचा डबा आणि छोटी उशी. तिनं मला विचारलं, मुलगा की नातू? मी म्हटलं, नातू, नऊ नंबर. तिचा नातू चौदा नंबर होता. तिनं मला तिच्या डब्यातलं पाणी दिलं. मी नको कसं म्हणायचं म्हणून प्याले, मग आणखी थोडं प्याले.

क्षितिज सुरुवातीला बाकावरच होता. पाच मिनिटांनी आत आला आणि पहिलाच चेंडू त्याच्या हातातून निसटून बाहेर गेला. मग त्यानं एक मारला, तो कड्याला लागून उडाला. मग एक, तो कड्यालाही लागला नाही. कोचनं त्याला बाहेर घेतलं. तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. मला हे पाठ आहे, हे असंच सुरू होतं. चांगल्या दिवशी त्याच्या हाताला काही विचारावं लागत नाही. वाईट दिवशी हात त्याचा नसतोच, लाकडाचा असतो, दुसऱ्या कोणाचा तरी खांद्याला लावलेला. त्यानं हे मला सांगितलेलं नाही. मला ते आतून माहीत आहे. मध्यंतरापर्यंत त्याचे दोन गुण झाले होते आणि मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते, उठायच्या तयारीत. मी गेले तर त्याचं बरं होईल, हे एवढं स्पष्ट दिसत होतं की हॉलमधल्या बाकीच्या माणसांना ते दिसत कसं नाही याचंच नवल वाटत होतं. पण त्यानं येताना वर बघून मला शोधलं होतं आणि मान हलवली होती. गेले असते तर रिकामी खुर्चीही त्याला दिसली असती.

तिसऱ्या भागात तो परत आला आणि कोपऱ्यातून, लांबून, तीन गुणांचा एक मारला. गेला. आवाजसुद्धा झाला नाही, जाळी नुसती उचलली गेली. दोन मिनिटांत आणखी एक, त्याच कोपऱ्यातून. शेजारची म्हातारी माझ्या दंडावर थापट मारत होती. आठ गुण झाले. आणि त्याच वेळी मला लघवीला जायची भावना झाली. एसी आणि ते जवाचं पाणी. पण आता हलायचं कसं? उजवा पाय डाव्यावर होता. मी बघितलं, तो होता. मी न बघताच ठेवला होता.

मिरजेच्या उंबऱ्यावरही असंच झालं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या हातात कॅनव्हासचे पांढरे बूट होते, सकाळी खडूपावडर लावून उन्हात ठेवलेले, अजून ओलसर. मी आईला सांगून निघाले होते. शाळेच्या मैदानावर तीन वाजता जिल्ह्याच्या संघाची निवड होती. रिंग टेनिस, आम्ही नुसतं रिंगच म्हणायचो. मध्ये जाळी, रबराचं कडं, एका हातानं झेलायचं आणि त्याच हातानं, आहे त्या जागेवरून, लगेच फेकायचं. धरून ठेवलं की फाऊल. माझी जोडीदारीण विभा मला हाक मारायला आली होती, ती फाटकात दहा मिनिटं उभी राहिली आणि गेली. दादाच्या गोष्टीत विभा नाही. बूट हातात, पांढरं सगळं तळव्यांना लागलेलं, पोट ताठलेलं, आणि मी उभी. अण्णांनी मला धरून ठेवलं असं मी साठ वर्षं मनात म्हणत आले. पण अण्णा तर तासाभरानं आरामखुर्चीत डुलक्या घेत होते. दादा बाहेर गेला होता. आई म्हणाली होती, जा की ग, कोण बघतंय. कोणीच बघत नव्हतं. मी जाऊ शकत होते. मीच गेले नाही. कारण आदल्या दिवशी माझ्या हातून चौदा वेळा रिंग सुटली होती आणि त्याच्या आदल्या दिवशी एकदाही नाही, आणि आज माझ्या खांद्याला कोणता हात लावलेला आहे ते मला माहीत नव्हतं. उंबऱ्यावर ते कळायची गरज नव्हती. उंबऱ्यावर मी उत्तम खेळत होते. कुठल्यातरी लांबच्या मैदानावर एक माणूस माझ्या पायाच्या जोरावर धावा काढत होता, आणि माझं कधी चुकत नव्हतं. साडेपाचला मैदानावर पोचले तेव्हा साधनाबाई, आमच्या खेळाच्या बाई, जाळी गुंडाळत होत्या. मी त्यांना सांगितलं, घरून सोडलं नाही. बाईंनी माझ्या पांढऱ्या तळव्यांकडे बघितलं. विभाला दुसरी जोडीदारीण मिळाली होती.

चौथा भाग सुरू होऊन बराच वेळ झाला होता. गुण बरोबरीच्या आसपास चाललेले. क्षितिजनं आणखी एक मारला होता, आतून, दोघांच्या मधून, आणि नंतर एक अगदी सोपा घालवला होता. मी डोळे मिटून बसले होते अनघासारखी. पोटात कळ येत होती. घड्याळात एक मिनिट चौदा सेकंद उरले होते. मी उजवा पाय खाली ठेवला. मग डावा. मग उठले. शेजारची म्हातारी दचकून म्हणाली, आंटी, नाऊ? मी म्हटलं, टॉयलेट. तिनं गुडघे बाजूला घेतले, तिच्या पलीकडच्यानं घेतले, रांगभर माणसं मला वाट देत मान वाकडी करून माझ्या आजूबाजूनं कोर्ट बघत होती. पायऱ्या उतरताना मी कठड्याला धरलं होतं आणि पायाकडे बघत होते. पायऱ्या सारख्या नव्हत्या.

बाथरूममध्ये कोणी नव्हतं. भिंतीपलीकडून हॉलचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. मग तो एकदम थांबला, शिट्टी झाली. मग मोठा आवाज झाला, टाळ्या, पाय आपटल्याचा. पुन्हा शांत. मग एक लांब, खाली येत गेलेला हुंकार, शेकडो माणसांचा. मी हात धूत होते. साबण जास्त आला होता आणि तो सुटता सुटत नव्हता, तळव्यांवर पांढरं पांढरं. मी घाई केली नाही. बाहेर आले तेव्हा सामना संपला होता आणि माणसं उठत होती. म्हातारी मला जिन्यातच भेटली, तिनं माझे ओले हात हातात घेतले. नऊ नंबरला शेवटी दोन फ्री थ्रो मिळाले, अकरा सेकंद असताना, असं तिनं सांगितलं. वन गो इन, वन नेव्हर. एका गुणानं जिंकलो. तिचा चौदा नंबर आज बसूनच होता, हेही तिनं सांगितलं, आणि उशी काखेत मारून निघून गेली.

यादी सोमवारी आली. क्षितिजचं नाव त्यात होतं, शेवटून दुसरं, आणि तू अजून वरखालीच आहेस हे कोचनं त्याला ऐकवलंच. पण ते सोमवारचं. शनिवारी त्यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही दोघं गाडीत होतो, गर्दी होती, त्याची बॅग त्याच्या पायांमध्ये. एक मुलगी माझ्यासाठी उठली. मी तिला थँक्यू म्हटलं आणि नको म्हणून सांगितलं. क्षितिज म्हणाला, बस ना आजी. मी म्हटलं, दिवसभर बसलेच आहे. माउंटबॅटन गेलं, डकोटा गेलं. पाया लेबारला माणसं उतरली तेव्हा त्यानं विचारलं.

"शेवटचे दोन बघितलेस?"

खोटं बोलता आलं असतं. एक गेला, एक नाही, एवढं मला ठाऊक होतंच.

"नाही," मी म्हटलं. "मी बाथरूमला गेले होते."

तो वरची दांडी धरून असा हसायला लागला की त्याची पाठ हलायला लागली, मोबाईलमध्ये मान घातलेली माणसं वर बघायला लागली. "सीरियसली?" तो म्हणाला. "तेव्हा?"

"पुष्कळ वेळची लागली होती," मी म्हटलं.

त्यानं दंडानं डोळे पुसले. "दोन्ही माझे," तो म्हणाला, मला नाही, खिडकीतल्या काळ्या काचेला. मग गाडी वळणावर आली, मी एका हातानं खांब धरला होता तो सोडला आणि दुसऱ्यानं धरला, आणि सेरंगून येईपर्यंत असेच हात बदलत, पाय बदलत उभी राहिले.